पाचवीतल्या मुलीला एसटीने एकटीला शाळेत पाठवायचंय, पण घरात सगळेच घाबरलेत

खाडीकाठची (गुहागर तालुका)

नमस्कार. आमची वाडी खाडीच्या काठाला आहे. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. लेक जूनपासून पाचवीत जाईल, म्हणजे पाच किलोमीटरवरच्या हायस्कुलात. घरातून निघून पाखाडी (उताराची पायऱ्यांची वाट) उतरायची, वहाळावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, ओलांडायचा, आंब्याच्या बागेच्या कडेकडेने डांबरी रस्त्याला लागायचं आणि थांब्यावर एसटी पकडायची. वाडीतली आजवरची सगळी मुलं अशीच गेली. फरक एवढाच की यंदा तिच्या बरोबरीचं वाडीत कोणीच उरलं नाही. दोन घरं मुंबईला गेली, एक चिपळूणला.

तिला एकटीने जायचंय. हट्ट तिचाच आहे, आणि मलाही तिला पाठवायचंय. बाकी कोणी तयार नाही. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोरीला बागेतून एकटीला धाडणार? काही झालं म्हणजे?" मिस्टर लोट्याला कामाला आहेत, ते म्हणतात मी शिफ्ट सांभाळून सोडीन. भावजींचं म्हणणं रिक्षा लावू.

त्यात वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परत आला. मुलं पळवणारी टोळी तालुक्यात फिरतेय, फोटोसकट. फोटो कुठला, कधीचा, कोणी विचारत नाही. असेच मेसेज २०१८ साली फिरत होते आणि त्या अफवेवरून १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्यांनी कोणाचंही मूल पळवलं नव्हतं. मी हे ग्रुपवर लिहिलं, तर एक काकू म्हणाल्या, "असेल गो, पण काळजी घेतलेली काय वाईट?"

काय वाईट ते मला मे महिन्यात दिसलं. बाजारात गेलो होतो. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. रस्ता मोकळा, दोन्ही अंगांना लांबपर्यंत काही नाही. मी ओलांडून पलीकडे पोचले आणि वळून बघते तर ही अलीकडेच उभी. म्हटलं, "ये की." तिने नुसता हात पुढे केला. गाडी येतेय का हे बघायला तिने मान वळवलीच नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. दहा वर्षं तिच्या वतीने कोणी ना कोणी रस्ता बघत आलंय. उद्या ती सोळाची होईल, रत्नागिरीला शिकायला जाईल, तेव्हा रस्ता बघणं तिला एका दिवसात येणार आहे का?

म्हणून विचारतेय. ज्यांनी हे खरंच केलंय त्यांनी सांगा. आधी काय शिकवायचं, मग काय? घरातल्या मोठ्यांना कसं समजावलंत? जीपीएसच्या घड्याळाचं सुचवू नका, पाखाडीवर रेंज नाही.

—

होमस्टेवाली (मालवण)

ताई, मी विरोधात लिहितेय, राग मानू नका. टोळीबिळीवर माझा विश्वास नाही. मला भीती वाटते ती रस्त्याची, आणि ती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांत ५ ते २९ या वयातल्या मृत्यूंचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. आमच्याकडे शनिवार-रविवारी आणि नाताळात पर्यटकांच्या गाड्या वळणावर काय वेगाने येतात ते मी रोज बघते. माझं पोट त्यांच्यावर आहे, तरी सांगते. रस्त्याला बाजूपट्टी नाही, एका अंगाला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या अंगाला गटार. समोरासमोर दोन गाड्या आल्या की चालणाऱ्याने जायचं कुठे?

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि मी त्याला सोडायला जाते. तुमचा थांबा वळणावर असेल तर कृपा करून नका पाठवू.

—

निवृत्त मास्तर (दापोली)

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, बरीचशी दापोली-मंडणगड भागातल्या एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांत. मुलं डोंगर उतरून, वहाळ ओलांडून यायची.

मालवणच्या ताईंचं बरोबर आहे. मुलांच्या आयांना मीही "घाबरू नका" असं कधी म्हणालो नाही. घाबरायचं कशाला, हे नीट ठरवून घ्या म्हणायचो. तुमच्या घरात आत्ता भीती टोळीची आहे. तुमच्या लेकीच्या वाटेवर मला दिसतात त्या गोष्टी वेगळ्या: पाणी, रस्ता, आणि पावसाळ्यात पायाखालचं जनावर, म्हणजे साप. तिन्ही गोष्टी दहा वर्षांच्या मुलाला शिकवता येतात. टोळीचं मात्र काहीच शिकवता येत नाही, तिला नुसतं घरात ठेवता येतं.

पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण कोकणात आपण ते गृहीत धरतो. साकवाच्या खांबावर ऑइलपेंटने एक रेघ मारा. उन्हाळ्यात, तिला बरोबर घेऊन, ब्रश तिच्या हातात देऊन. पाणी रेघेला लागलं की पाऊल टाकायचं नाही, मग शाळा असो, परीक्षा असो, मागून कोणी ओरडत असो. दुसरं, रेघेच्या खाली असलं तरी पाण्याचा रंग बघायचा. डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात कोसळलेलं असतं. पाणी अचानक लाल-गढूळ होतं, पाला आणि काटक्या वाहत येतात. हे दिसलं की तिथेच थांबायचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळुणात काय केलं ते आपण पाहिलंय, पण लहान वहाळही बघता बघता चढतो, आणि त्याची बातमी होत नाही.

खाडीकाठी राहता तर भरतीचा हिशेबही शिकवा. तिथीची पाऊणपट काढली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. माझ्या चौथीच्या वर्गाला पाऊणकीचा पाढा यामुळे पाठ व्हायचा. कालनिर्णय भिंतीवर असतंच, रोज सकाळी तिला विचारा, आज पाणी कधी भरणार. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. भरतीला जोराचा पाऊस आला की खाडीला मिळणाऱ्या वहाळाचं पाणी तुंबतं. तिला हे कळलं की साकव ती तुमच्यापेक्षा नीट बघेल.

आणि पोहणं. आमच्या पिढीला पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडत. आता समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांना पोहता येत नाही, कारण विहिरींवर जाळ्या बसल्या आणि शिकवणारी माणसं मुंबईला गेली. जाळी हवीच. पण शाळेच्या वयात मुलांना पोहणं आणि पाण्यातली सावधगिरी शिकवावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पाऊस लागायच्या आत शिकवा.

वाट शिकवण्याची माझी पद्धत साधी. पहिल्यांदा ती पुढे, तुम्ही मागे, आणि तुम्ही बोलायचं नाही. ती चुकीच्या जागी रस्ता ओलांडायला निघाली तरच हाक मारायची. मग तुम्ही बागेपर्यंतच जायचं. मग साकवापर्यंत. मग अंगणापर्यंत. एक टप्पा तिच्या अंगवळणी पडल्याशिवाय पुढचा नाही. टप्पा कधी बदलायचा हे तिला विचारून ठरवा. मुलं आपल्यापेक्षा सावकाश जायला मागतात, हा माझा अनुभव आहे.

एक शेवटचं. पीटर ग्रे, डेव्हिड लॅन्सी आणि डेव्हिड ब्योर्कलुंड या तिघा संशोधकांचा २०२३ सालचा लेख 'जर्नल ऑफ पेडिएट्रिक्स'मध्ये आला होता. मोठ्यांच्या नजरेबाहेर खेळण्या-फिरण्याची संधी मुलांना गेल्या काही दशकांत कमी कमी होत गेली, आणि मुलांचं मानसिक स्वास्थ्य बिघडण्याचं ते एक मोठं कारण आहे, असं त्यांचं म्हणणं. तो अमेरिकेतल्या मुलांबद्दल आहे. पण मुलं शाळेत नेऊन सोडायची, आणायची, क्लासला सोडायची, आणायची, हे आता दापोलीतही तसंच चाललंय.

—

हर्णैकर (सध्या योकोहामा)

मास्तरांनी लिहिलंय त्यात थोडी भर. इथे पहिलीतली, सहा वर्षांची मुलं चालत शाळेत जातात. बऱ्याच ठिकाणी गल्लीतल्या मुलांचा गट असतो आणि सहावीतलं मूल पुढे चालतं. पहिलीतल्यांच्या डोक्यावर पिवळी टोपी, गाडीवाल्याला लांबून दिसावी म्हणून. कोणत्या रस्त्याने जायचं ते शाळेनेच ठरवून दिलेलं असतं.

मला सगळ्यात आवडली ती एक चिकटपट्टी. काही घरांच्या आणि दुकानांच्या दारावर ती लावलेली असते. मुलाला वाटेत भीती वाटली, लागलं, कोणी मागे लागलं, तर त्या दारात शिरायचं, आतली माणसं पोलिसांना कळवतात. म्हणजे इथल्या आईबापांचं काळीज काही आपल्यापेक्षा घट्ट नाही, वाटेवरच्या मोठ्या माणसांनी जबाबदारी वाटून घेतलेली आहे. ताई, तुमच्या वाटेवर अशी घरं कोणती ते ठरवा आणि त्या घरांना सांगून ठेवा.

अमेरिकेत उलटं चित्र. २००८ साली लेनोर स्केनाझी या पत्रकार बाईंनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला न्यूयॉर्कच्या सबवेने एकट्याला घरी येऊ दिलं आणि त्यावर लिहिलं, तर त्यांना देशातली सर्वांत वाईट आई ठरवण्यात आलं. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, युटा राज्याला कायद्यात लिहावं लागलं की समजत्या वयाच्या मुलाला एकट्याने शाळेत चालत जाऊ देणं म्हणजे हेळसांड नव्हे. आपल्याकडे गोष्टी त्या थराला जायच्या आत वाटेवरची माणसं जोडलेली बरी.

—

दोन मुलांचा बाप (वेंगुर्ला)

एकच विचारतो. मुलगा असता तर घरात एवढी चर्चा झाली असती का? माझा मुलगा नववं वर्ष संपायच्या आत एकटा बाजारातून मासळी आणायला लागला, कोणी ब्र काढला नाही. धाकटी आता त्याच वयाची झाली तर तीच आजी म्हणते, "चेडवाक एकट्याक खंय धाडतस?" मी दोघांना एकच नियम लावलाय. सांगून जायचं, ठरलेल्या वेळेला यायचं, वेळ टळत असेल तर कोणाच्या तरी फोनवरून कळवायचं.

—

खाडीकाठची (गुहागर तालुका)

सगळ्यांचे आभार. होमस्टेवाली ताई, थांबा वळणावर नाही, सरळ रस्त्यावर आहे, पण तुमचं वाचून मी जाऊन उभी राहून बघितलं. निवाराशेडच्या मागे उभं राहता येतं. रस्त्यावर उभं राहायचं नाही हे तिला दाखवलंय.

वेंगुर्ल्याचे भाऊ, नाही, मुलगा असता तर चर्चा झाली नसती. हे मी मिस्टरांना वाचून दाखवलं. ते गप्प बसले, मग म्हणाले रेघ मारायला मी येतो.

घरांची यादी लेकीनेच केली. पाखाडीच्या खालचं एक घर, थांब्याजवळचं दुकान, आणि बागेतली खोली. इथे सासूबाईंशी वाजलं. त्या खोलीत बागेचे राखणदार राहतात, नेपाळचे. रत्नागिरीत आंब्याच्या बऱ्याच बागांत राखणीला नेपाळीच असतात. हे कुटुंब कितीतरी हंगाम इथे येतंय. नवरा-बायको, एक लहान मुलगी. सासूबाईंची सगळी भीती तिथे आहे, "परकी माणसं." मला उलट वाटतं, त्या वाटेवर दिवसभर जागी असणारी तीच माणसं आहेत. मी जाऊन त्या बाईंशी बोलले, लेकीलाही नेलं. पण खरं सांगते, मनात प्रश्न आहे. विश्वास कुणावर ठेवायला शिकवायचं?

—

आरोग्य सेविका (देवगड)

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून लिहिते, एरवी यावर कोणी बोलत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दरवर्षी येतात. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलीच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर असतं. शेजारी, नातेवाईक, घरी येणारा-जाणारा. परक्याशी बोलू नको एवढंच शिकवलेली मुलगी नेमकी इथे निःशस्त्र असते. आणि वाटेत अडचण आली तर मदत मागायलाही घाबरते, कारण समोरचा परका.

म्हणून माणसांची यादी करून देऊ नका, वागण्याचे नियम द्या. कोणीही, मामा असो, सर असोत, दुकानदार असो, "हे आईला सांगू नको" म्हणाला की ते घरी येऊन आईला सांगायचंच. कपड्याच्या आत हात लावला, स्वतःला लावायला सांगितलं, मोबाइलवर काही दाखवलं, की ओरडून तिथून निघायचं. आईने पाठवलंय, गाडीवर बस, असं कोणी म्हटलं तर बसायचं नाही, अगदी ओळखीचा असला तरी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पाठ हवा. आणि घरी तुम्ही एक करा. पाहुणे "पापी दे" म्हणाले आणि तिला नको असेल तर तिच्या बाजूने उभ्या राहा, सासूबाईंसमोरसुद्धा. घरात "नको" म्हटलेलं चालतं हे तिला कळलं तर बाहेर तिच्या तोंडून "नको" निघेल.

मास्तरांनी जनावराचं नुसतं नाव काढलं, म्हणून ते पुरं करते. आपल्या पट्ट्यात फुरसं हा विषारी साप भरपूर. लहान असतं, पाचोळ्याच्या आणि जांभ्याच्या रंगात मिसळून जातं. त्यामुळे बागेच्या कडेने जाताना चप्पल नको, बूट हवेत. गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही, गडग्यावर बसायचं नाही. चावलंच तर पळायचं नाही, हाक मारायची, चावलेला हात किंवा पाय हलवायचा नाही. कापणं, चोखणं, दोरी आवळणं काही करू द्यायचं नाही. थेट सरकारी दवाखाना, तिथे लस मिळते. तुमच्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे ते पाऊस सुरू व्हायच्या आत विचारून ठेवा. मांत्रिकाकडे घालवलेल्या वेळाने माणसं जातात.

राखणदारांच्या घराबद्दल: तुम्ही स्वतः जाऊन बोललात, लेकीला नेलंत, ते योग्यच केलंत. नियम त्यांनाही तेच आणि सख्ख्या काकालाही तेच.

—

माजी वाहक (चिपळूण)

बाई, मी एसटीत कंडक्टर होतो, तुमच्याच बाजूच्या गाड्यांवर. शाळेची पोरं चढवण्या-उतरवण्यातच माझी सगळी नोकरी सरली म्हणा. थोडं लिहितो.

पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे. शाळेकडून कागद घेऊन काढायचा. पास काढायला तिला बरोबर न्या आणि खिडकीवर तिलाच बोलू द्या. हरवला तर काय करायचं तेही तिनेच विचारावं.

गाडी वस्तीची आहे का बघा. वस्तीची असेल तर ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावात झोपतात, संध्याकाळी जाऊन ओळख करून द्या. पण ड्युट्या बदलतात, एका माणसावर विसंबून राहू नका. तिला पाटी वाचायला शिकवा. एकाच वेळेला दोन गाड्या येतात आणि पोरं गर्दीबरोबर भलत्या गाडीत चढतात, हे मी खूप पाहिलंय. चढताना "अमुक ठिकाणी जाणार ना?" असं मोठ्याने विचारायचं. लाजायचं नाही.

उतरल्यावर गाडीच्या पुढून किंवा मागून लगेच रस्ता ओलांडायचा नाही. गाडी जाऊ द्यायची, रस्ता दोन्हीकडे दिसला की मगच. मालवणच्या बाई म्हणतात तो धोका सगळ्यात जास्त तिथेच आहे.

गाडी चुकली तर काय, हे आधी ठरवा. सकाळी चुकली तर परत घरी. संध्याकाळी चुकली तर परत शाळेत किंवा यादीतल्या दुकानात, आणि तिथून फोन. चालत निघायचं नाही, कोणाच्या गाडीवर बसायचं नाही. तुमचा नंबर पाठ हवा, शिवाय वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला. आणि पाणी साकवावर असलं तर ती त्या रात्री पलीकडेच राहील, कोणत्या घरी ते दोन्ही घरांनी आत्ताच बोलून ठेवा. नाहीतर पोर घरच्यांच्या धाकाने पाण्यात पाय घालते.

तुमच्या मिस्टरांना एक सांगा. पहिल्या दिवशी बाप लोक मोटरसायकल घेऊन एसटीच्या मागे येतात. पोरांना मागच्या काचेतून दिसतं. मग तिचं सगळं लक्ष मागे राहतं आणि उतरायचा थांबा जातो.